मोटेचा झटका

गुलाबराव माळी जेवायलासुद्धा नीट बसत नसे. एक ढोपर जमिनीला टेकलेलं, दुसरं उभं, तोंडात भाकरीचा घास आणि डोळे विहिरीकडे. अंजना, म्हणजे त्याची बायको, भाजी वाढायला वळायची तोवर ताट रिकामं आणि माणूस मळ्यात पोचलेला. अनसिंगच्या ओढ्याकाठच्या माळ्यांत असा उतावळा दुसरा नव्हता. वांग्याचं रोप लावलं की तिसऱ्या दिवशी हा उकरून बघणार, मूळ धरलं का म्हणून. मूळ धरलेलं असायचं, पण याने उकरल्यावर रोप मान टाकायचं. मग हा आरडाओरडा करायला मोकळा.

या उतावळेपणाचा खरा मार बसायचा तो नाड्याला. ही गोष्ट सन तीसनंतरच्या बारा-पंधरा वर्षांतली. त्या काळी मळा म्हणजे मोट. चामड्याची भलीमोठी मोट विहिरीत सोडायची. तिला बांधलेला जाड दोर, म्हणजे नाडा, वरच्या चाकावरून घेऊन बैलांच्या जुवाला बांधायचा. विहिरीपासून खाली उतरत जाणाऱ्या वाटेला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली चालले की मोट वर येते आणि पाणी पाटाला लागतं. मग बैल मागं मागं सरकत वर येतात, मोट बुडते, की पुन्हा खाली. बैल उतरताना मोट हाकणारा माणूस ताणलेल्या नाड्यावर बसतो. त्याचं वजन तेवढंच बैलांच्या मदतीला.

बाकीचे माळी नाड्यावर टेकायचे. गुलाबराव उडी मारायचा. उडीबरोबर जिभेने ‘टच्च’ असा आवाज काढायचा, आणि त्या आवाजासरशी बैल मागून कुणी चटका दिल्यासारखे पुढे झेपावायचे. इतरांचा नाडा एक हंगाम सहज काढी, याचा महिनाभरात तुटे. नाडा तुटला की मोट विहिरीच्या तळाशी, बैल गुडघ्यांवर आणि गुलाबराव धुळीत. एकदा समोरचा दात गेला, तोही त्याने रागारागाने विहिरीत फेकून दिला.

शेजारच्या मळ्यात पुंजाजी होता, नात्याने चुलता. त्याचं औषध ठरलेलं.

“गुलाब्या, बैलं लय पळवतं तू. पळवल्यानं नाडा तुटते, दुसरं काय?”

सगळ्या ओढ्याकाठाचं हेच मत होतं. बैल जोरात चालले की नाड्यावर जोर जास्त, सावकाश चालले की कमी. यात शंका घेण्यासारखं काय आहे? गुलाबरावालाही ते पटलं. त्याने दात-ओठ खाऊन आठ दिवस बैल वरातीच्या चालीने चालवले. पाणी निम्मं झालं, मिरच्या सुकल्या, आणि नवव्या दिवशी सकाळी पहिल्याच मोटेला नाडा काडकन तुटला. बैलांनी दोन पावलंसुद्धा टाकली नव्हती.

दुसरा कुणी असता तर नशिबाला बोल लावून मोकळा झाला असता. गुलाबरावाच्या डोक्यात मात्र भुंगा शिरला. सावकाश चालवूनही तुटतो म्हणजे वेगाचा गुन्हा नाही. मग कुणाचा? त्याने एक खूण ठेवायला सुरुवात केली. नाडा तुटला त्या घटकेला बैल धावेवर जिथे होते, तिथे तो बाजूच्या दगडावर चुन्याचा ठिपका द्यायचा. लोक हसले. दीड वर्षात चौदा ठिपके झाले. त्यांतले अकरा धावेच्या अगदी वरच्या तोंडाशी होते, आणि तीन अगदी खाली, जिथे बैल थांबतात तिथे. मधल्या धावेवर, जिथे बैल सगळ्यात जोरात चालतात, तिथे एकही ठिपका नव्हता.

“पाह्य काका,” त्याने पुंजाजीला हाताला धरून आणलं. “मधात तुटतच नाई. जोरात पळून राह्यले तथी नाई तुटत, अन् उभे हायेत तथी तुटते. काहून?”

“दगडं खराब असतीन,” पुंजाजी म्हणाला आणि आपल्या कोबीकडे परत गेला.

उत्तर सापडलं ते वाशीमच्या बाजारात, आणि तेही भांडणातून. एका दलालाने तराजू टाकून स्प्रिंगचा काटा आणला होता. वर कडी, खाली आकडा, मधे सुई. त्याने गुलाबरावाची वांग्यांची टोपली आकड्याला लावून झटक्यात उचलली. सुई सहा शेरांवर गेली, थरथरली आणि पाचावर येऊन थांबली.

“पाच शेर,” दलाल म्हणाला.

“मी सहा पाह्यले!” गुलाबराव ओरडला.

“ते उचलतानाचं. थांबल्यावर दाखवते ते खरं.”

“मंग उचलताना दाखवलं ते कोनाचं? तुह्या बापाचं?”

माणसं जमली, टोपली उपडी झाली, वांगी लोकांच्या पायांखाली गेली. पण परतीच्या वाटेवर गुलाबरावाच्या डोक्यात ती सुईच होती. वांगी तीच, टोपली तीच, आणि उचलण्याच्या त्या एका घटकेपुरती ती एक शेराने जड झाली होती. पुढच्या उरुसात मंगरूळपीरला गेला तेव्हा त्याने पिराला नारळ फोडायच्या आधी भंगारवाल्याकडून एक गंजका काटा मिळवला.

मळ्यातल्या निंबाच्या फांदीवरून त्याने दोरी घेतली. दोरीच्या एका टोकाला काटा, काट्याला पाच शेर वांगी, दुसरं टोक अंजनाच्या हातात. तो काट्याजवळ सुईवर डोळे लावून उभा, आणि हुकूम सोडत होता.

“सावकाश ओढ! आता जोरात! आता एकदम झटका! अंजने, झटका म्हन्लं, पाळना नाई हालवायचा!”

अंजना ओढत राहिली. स्वयंपाक खोळंबला होता, म्हैस दावणीला हंबरत होती, पण तिने दोरी सोडली नाही. दोन दिवसांत तिचे तळवे सोलून निघाले. गुलाबरावाने सुई पाहिली, अंजनाचे हात पाहायचे राहून गेले.

जे दिसलं त्याने त्याला वेड लागायचं बाकी राहिलं. टोपली सावकाश वर जात असली तरी सुई पाचावर. भरभर वर जात असली तरी सुई पाचावरच, जशी नुसती टांगलेली असावी तशी. हलायची ती फक्त दोनदा: निघताना एकदम ओढली तर साडेसहावर उडी मारायची, आणि एकदम थांबवली तर चारावर पडून लगेच झटक्याने साडेपाचावर उसळायची. हळूहळू वेग वाढवत नेला तर निघतानाही जेमतेम सव्वापाच. म्हणजे वेगाचा आणि नाड्यावरच्या ताणाचा थेट संबंधच नव्हता. संबंध होता तो वेग किती लवकर बदलतो त्याच्याशी. वाशीमच्या इंग्रजी शाळेत शिकला असता तर हे त्याला पुस्तकाच्या अर्ध्या पानात वाचायला मिळालं असतं. याने त्यासाठी दोन-अडीच वर्षं, चौदा नाडे आणि एक दात घातला.

दुसरी गोष्ट त्याला फाटक्या मोटेने शिकवली. चामडं उसवून निम्मं पाणी गळून जाई त्या दिवशी बैल रोजच्या जोराने निघत आणि पुढच्या पुढे कोलमडत. खांदा भरल्या मोटेच्या हिशेबाने लावलेला, आणि ओझं निम्मं. जोर तोच, ओझं हलकं, की झेप मोठी. हे समजल्यावर तो गावभर सांगत सुटला. पारावर, न्हाव्यापुढे, लग्नाच्या पंगतीत. “वेगाले भिऊ नका. वेग बदलते तवा भ्या.” लोक त्याला ‘काटेवाले गुलाबराव’ म्हणू लागले. एकानेही आपली मोट हाकायची रीत बदलली नाही.

आणि खरी गंमत पुढेच आहे. गुलाबरावानेही बदलली नाही. त्याला सगळं समजलं होतं आणि तो रोज सकाळी नाड्यावर उडी मारतच होता. आज सावकाश निघायचं, असं मनाशी घोकत तो धावेवर यायचा. बैल वर सरकले, मोट बुडाली, की पाय आपोआप उचलले जायचे आणि जीभ ‘टच्च’ म्हणायची. बैलही त्याच तालमीतले. त्यांना सावकाश निघणं माहीतच नव्हतं. नाडे तुटत राहिले, आणि गुलाबराव बैलांना शिव्या देत राहिला. त्याला स्वतःची लाज वाटायची, पण ती कबूल करण्याइतका वेळ तो एका जागी बसत नव्हता.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग एका वैशाखात विहीर आटली आणि गाळ काढायला घेतला. गाळाच्या कामाला दरवर्षी तांड्यावरून सोमला यायचा. सोमला शांत माणूस. कुदळीचा घाव घालण्याआधी दगडाशी बोलल्यासारखा थांबायचा. दोन दिवस गुलाबरावाने काठावरून ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्याचा धीर सुटला.

“वर ये तू. अशानं आखाडी येईन गाळ निंघता निंघता. मी उतरतो, तू बैलं हाक.”

सोमला वर आला आणि गुलाबराव खाली उतरला. मोट सोडून नाड्याला लोखंडी घमेलं बांधलं होतं. खाली गुलाबराव गाळ भरायचा, सोमला बैल हाकायचा, अंजना काठावर घमेलं रिकामं करायची. बैल सोमलाच्या हाकेला हलेनात. मग त्यानेही मालकासारखी उडी मारून पाहिली आणि ‘टच्च’ केलं. बैल झेपावले. घमेलं हिसक्यासरशी वर उडालं, भिंतीवर आपटलं, आणि बांधकामातला एक दगड निखळला. त्याच्यामागे आणखी दोन. पहिला नाड्याला घासत गेला. दुसरा गुलाबरावाच्या नडगीवर बसला.

हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला. भिंतीला पाय ठेवायच्या खोबण्या होत्या, पण एका पायाने त्या चढता येणार नव्हत्या. दगड निघाला तिथून माती सुटत होती, मुठीमुठीने, आणि तिच्याबरोबर पाण्याची बारीक धार. गुलाबरावाने वर पाहिलं. नाडा चार पदरांचा. त्यातले दोन पदर दगडाने कापले गेले होते आणि त्यांचे तंतू उन्हात पिंजारून दिसत होते.

“पुंजाजीचा नाडा आनतो!” वरून सोमला ओरडला.

आणखी एक दगड खाली आला आणि गुलाबरावापासून हातभर अंतरावर चिखलात रुतला. पुंजाजीचा मळा शेजारी असला तरी जाऊन-येऊन, नाडा सोडून बांधेपर्यंत पाऊण घटका गेली असती. भिंत तेवढी थांबणार नव्हती.

गुलाबराव भ्यायला. भीती दगडाची नव्हती, भीती त्याला जे ठाऊक होतं त्याची होती. बैल पाच मण वर काढायची सवय झालेले. याचं वजन दीड मण. बैल रोजच्या जोराने खांदा लावतील, ओझं लागणारच नाही, आणि पहिल्या पावलालाच ते सुसाट सुटतील. एक तर तो भिंतीवर आपटेल, नाही तर उरलेले दोन पदर त्या एका हिसक्यात जातील. अख्ख्या तालुक्यात हे समजणारा माणूस एकच, आणि तो विहिरीच्या तळाशी मोडक्या पायाने बसलेला. वरच्यांना समजावून सांगायला त्याने तोंड उघडलं.

“सोमल्या! बैलं—”

धावेवर बैलांची खुरं खडखडली. नाडा थरथरला. काठावर अंजनाचं डोकं दिसलं.

“आवाज काढू नका!” ती खाली वाकून म्हणाली. “तुमचा आवाज आयकला का बैलं उडी घेतेत. कंबरेले अन् मांडीले नाडा बांधा. अन् गप राहा.”

“अंजने, पह्यलं पाऊल...” तो कुजबुजला, पण ती तिथे नव्हती.

बैल मागं सरकले तसा नाडा परत खाली आला; त्याने घमेलं सोडून तो अंगाला बांधला, पटक्याने छातीशी आवळला.  त्याला वरचं काहीच दिसत नव्हतं, फक्त गोल आभाळ आणि चाकाची कड. सोमलाचा आवाज आला, “बाई, पुढं नको उभी राहू! तुडवतील!” त्यावर अंजनाने काय उत्तर दिलं ते कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा गुलाबरावाला काही करता येण्यासारखं नव्हतं. ओरडायचं नाही, हलायचं नाही, उडी मारायची नाही. त्याला वाटलं, या बसण्यापेक्षा दगड बसलेला बरा. तो मनातल्या मनात अंजनाला शंभर सूचना देत होता आणि त्यातली एकही वर पोचत नव्हती.

मग नाडा ताणला गेला. हिसका नाही. पीळ घट्ट होत गेला, कंबरेला जाणवला, मग मांडीला. बूड चिखलातून सुटलं. अंग किंचित जड झालं, इतकं किंचित की कुणी खांद्यावर हात ठेवावा. आणि मग तेही गेलं.

त्याने डोळे घट्ट मिटले होते. जडपणा गेला तसा त्याचा जीव घाबरा झाला: बैल थांबले! आपण मधेच लटकलोय, पदर सुटत चाललेत! घरच्या झोपाळ्यावर पाय न हलवता बसल्यावर वाटावं तसंच अंगाला वाटत होतं. ओरडण्यासाठी त्याने श्वास घेतला आणि डोळे उघडले. समोरून भिंतीचे दगड खाली जात होते. एकामागून एक, चांगले भरभर. तो वर चालला होता आणि त्याच्या अंगाला त्याचा पत्ताच नव्हता. सुईला जे व्हायचं ते आज त्याला होत होतं. त्याने घेतलेला श्वास ओरडण्यात न घालवता तसाच सोडून दिला.

काठ जवळ आला तेव्हा अंग हलकं झालं, पोटात थोडं पोकळ वाटलं. वर अंजना बैल थांबवत होती. रोज बैल धावेच्या शेवटी धाडकन थांबत. आज ते चार पावलं आधीपासून मंद होत आले. चाकापाशी उभ्या सोमलाने त्याच्या बगलेत हात घातले आणि त्याला ओढून जमिनीवर टाकलं. विहिरीत मागे भिंतीचा मोठा तुकडा कोसळला.

गुलाबरावाने मान वळवून धावेकडे पाहिलं. अंजना धावेच्या तळाशी होती, बैलांच्या पुढ्यात, विहिरीकडे तोंड करून. दोन्ही हातांत दोन वेसणी. सगळी धाव ती पाठमोरी उतरली होती, बैलांच्या नाकपुड्यांना कपाळ लावून, त्यांना पुढे यायला पाऊल-पाऊल जागा देत. बैल उधळले असते तर पहिली तीच त्यांच्या पायांखाली गेली असती. तिच्या टाचा दगडांनी फुटल्या होत्या. तिने वेसणी सोडल्या आणि विहिरीकडे निघाली.

ती जवळ आली तेव्हा त्याला पायाचं भान नव्हतं.

“अंजने, तुले कसं ठाव होतं? आदी सावकाश, मंग... तुले कोनं सांगितलं?”

 तिला रडू येत होतं आणि रागही येत होता.

“कोनं सांगितलं?” ती म्हणाली. “आठ वर्सं झाले, रोज आयकून राह्यली तुमचं. जेवताना तेच, निजताना तेच. साऱ्या गावाले सांगितलं तुमी. दोरी मीच ओढली ना? माहे हात सोलले ना तवा? मले नाई कळनार?”

 ज्यांना कळावं म्हणून त्याने घसा फोडला ते सगळे हसले, आणि जिला त्याने कधी विचारलंसुद्धा नाही तिला सगळं कळलं होतं. तो तोंडावर हात घेऊन रडला. सोमला बैल सोडायला निघून गेला.

पाय सांधला, पण वाकडा सांधला. पावसाळा सरल्यावर विहीर पुन्हा बांधली, नवा नाडा आणला आणि मोट सुरू झाली. नाड्यावर उडी मारणं गुलाबरावाला आता जमणार नव्हतं, म्हणून बैल अंजना हाकू लागली. पुढे उभी राहून तिने त्यांना पंधरा दिवसांत नवी चाल लावली. गुलाबराव काठी टेकत चाकापाशी उभा राहायचा. बैल वर यायचे, मोट बुडायची, नाडा ताणला जायचा, आणि ऐन त्या घटकेला त्याची जीभ ‘टच्च’ म्हणायची. बैल झेपावायचे. अंजना धडपडायची.

“चुकून झालं,” तो म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकून व्हायचं. त्याने तोंडात सुपारी धरून पाहिली, पटक्याचा बोळा धरून पाहिला. चौथ्या दिवशी अंजनाने बैल थांबवले आणि त्याच्याजवळ आली. आवाज चढवला नाही.

“तुमी अथी उभे राहू नका. मळ्याच्या त्या टोकाले जा. पानी वाफ्यात घ्या.”

“मी काई करत नाई, नुसता पाहीन.”

“नाई. जा तुमी.”

तो गेला. कांद्याच्या शेवटच्या वाफ्यापाशी फावडं घेऊन बसला, जिथून धाव दिसत नाही आणि जीभ बैलांना ऐकू जात नाही. गाल आतून चावत, कान टवकारून तो बसायचा. दूरवर चाक करकरायचं, सावकाश सुरू होऊन एकसारखं. तो नाडा अडीच वर्षं टिकला. गावातली माणसं तो बघायला येऊ लागली, पुंजाजीसुद्धा आला, आणि हे कसं साधलं असं त्यांनी अंजनाला विचारलं.

“त्याहिले इचारा,” ती मळ्याच्या त्या टोकाकडे हात करून म्हणायची. “सारं त्याहिनंच शोधलं हाये. मात्र त्याहिले इकडं आनू नका.”